उशाखालची डबी

«काकी, नमस्कार. मी २४ वर्षांची. घर डिचोली तालुक्यात, नोकरी पणजीला पाटोवर. जाता-येता स्कूटर आणि दिवसभर एसी. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात ओठ फुटले म्हणून लिप बाम घेतला, पुदिन्याच्या वासाचा, थंड लागणारा. आज माझ्याकडे चार आहेत. एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात, एक स्कूटरच्या डिकीत, एक उशाखाली. परवा मोजलं, तर दुपारच्या जेवणापर्यंतच एकवीस वेळा लावला होता. नाही लावला की ओठ खेचतात, सालपटं निघतात, ती मी दातांनी ओढून काढते. यंदा चवथीला घरच्या गणपतीची आरती चालू असताना जवळ बाम नाही हे लक्षात आलं, आणि मी आरती अर्ध्यावर टाकून पावसात स्कूटरकडे धावले. परत आले तोवर आरती संपली होती. आई काही बोलली नाही, पण तिनं बघितलं. त्या रात्री मी रडले. लिप बामचं व्यसन लागतं का? कंपन्या त्यात काही घालतात का? डिसेंबरात ताईचं लग्न आहे. तोवर हे सुटेल का? आणि तेव्हा लिपस्टिक लावता येईल का? — स.»

बाय,

आरतीचं तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. ओठ चरचरत असले की माणसाचं मन कशात लागत नाही, गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली उभं असलं तरी. त्यासाठी स्वतःला कोसू नकोस. पण रडलीस ते बरं झालं, कारण त्यानंतरच तू मोजायला बसलीस. एकवीस हा आकडा हातात आला, तिथंच अर्धं काम झालं.

आधी व्यसनाचं. म्हापशाला फार्मसीच्या काउंटरमागे मी सत्तावीस वर्षं उभी राहिले. एखाद्या औषधाच्या शरीर खरोखर मागे लागणं म्हणजे काय, ते मी नाकाच्या थेंबांत बघितलंय. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब आठवड्याहून जास्त घातले की औषधाचा असर ओसरताच नाकातलं अस्तर पुन्हा सुजतं, पहिल्यापेक्षा जास्त. मग माणूस रात्री बारा वाजता शटर ठोठावून थेंब मागतो. लिप बाममध्ये असं शरीराला गुलाम करणारं काही नसतं. निकोटिन नसतं, काचेची पूड नसते. तसलं तुला कुणी सांगितलं असेल तर ते सोडून दे.

पण मग एकवीस वेळा का लागतो? माझ्या मते इथं दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. तुझे ओठ खरोखर दुखावलेत आणि तुझ्या हाताला खोड लागलीय. बहुतेक जण फक्त खोड मोडायला जातात. एका सकाळी सगळ्या डब्या कचऱ्यात टाकतात, तिसऱ्या दिवशी ओठातून रक्त येतं आणि संध्याकाळी नवी डबी घरात येते. आधी ओठ बरे करायचे. मग हाताचं बघू.

ओठांची कातडी गालाच्या कातडीपेक्षा कितीतरी पातळ. वरचा संरक्षक थर नावापुरता, म्हणून तर आतल्या रक्ताचा लाल रंग बाहेर दिसतो. बाकी अंगाला घाम आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, ओठांच्या लाल भागात घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेलाच्या जवळपास नाहीतच. म्हणजे कपाळ स्वतःचं तेल स्वतः काढतं, ओठ बिचारे बाहेरच्या मदतीवर. त्यात तू दिवसाचे आठ-नऊ तास एसीत. तुझ्या पत्रात पावसाळ्यातही ओठ सुकतात असं आहे. आपल्याकडे जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पापड मऊ पडतात आणि तुझे ओठ मात्र तडकतात! तेव्हा दोष गोव्याच्या हवेला देता येणार नाही. ऑफिसची कोरडी हवा, तुझी जीभ आणि त्या बामच्या आतलं सामान, या तिघांकडे बघायला हवं.

बाम हातात घे आणि मागची बारीक अक्षरं वाच. मेन्थॉल, कॅम्फर म्हणजे कापूर, पेपरमिंट तेल, दालचिनीचा अर्क, फिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड, फ्लेवर, फ्रॅग्रन्स. यातलं काही ना काही असणारच. मेन्थॉल ओठ थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या नसांना तो फक्त चाळवतो आणि मेंदूला वाटतं गारवा आला. निरोगी ओठाला एवढ्यानं काही होत नाही. चिरा पडलेल्या ओठावर तोच मेन्थॉल चुरचुरतो, दाह वाढवतो. सॅलिसिलिक ॲसिड तर सालपटं सुटी करायलाच वापरतात. गारवा ओसरला की ओठ पुन्हा खेचल्यासारखे वाटतात, तू पुन्हा लावतेस, पुन्हा तेच सामान चिरेत जातं. औषध म्हणून लावतोय तेच दुखण्याला खतपाणी घालतंय, हे काउंटरवर उभं राहून मला कळायलाही बरीच वर्षं गेली. ओठ फुटले म्हणून आलेल्या मुलींना मी स्वतः हा थंड बाम काढून द्यायचे, "लगेच बरं वाटतं" असं सांगून. लगेच बरं वाटायचंच. त्याच मुली पंधरा दिवसांनी दुसरी डबी घ्यायला यायच्या आणि मी ती आनंदानं द्यायची. त्याचं मला आज वाईट वाटतं, म्हणून तुला इतकं लांबण लावून लिहितेय.

आता जिभेचं. बाममध्ये स्ट्रॉबेरीचा नाहीतर पुदिन्याचा स्वाद असला की जीभ ओठांवर फिरतेच. थुंकी सुकताना ओठातलं पाणीही घेऊन जाते आणि तिच्यातले अन्न पचवणारे रस त्या पातळ कातडीला झोंबतात. एकदा एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. ओठांभोवती अख्खं लाल कडं, सर्कशीतल्या विदूषकासारखं. तीन प्रकारची मलमं झालेली. ती माझ्याशी बोलत होती आणि मी पोराकडे बघत होते. दोन मिनिटांत त्यानं सहा वेळा जीभ फिरवली. खालचा ओठ, वरचा ओठ, मग पुन्हा खालचा. मी त्याला काही बोलले नाही. आईला साधी पेट्रोलियम जेली दिली आणि म्हटलं, ओठांना आणि त्या कड्यालाही जाडसर लाव, जिभेला चव लागली नाही की ती आपोआप घरी जाईल. कडं गेलं. तू जीभ फिरवतेस की नाही ते पत्रात नाही, पण सालपटं दातांनी ओढतेस ते आहे. ते आधी थांबव. अर्धवट सुटलेल्या सालपटाला खालून जिवंत कातडी चिकटलेली असते, ओढलं की तीही निघते. अंघोळीनंतर ओठ ओले असताना मऊ कपड्यानं अलगद टिपायचं. जे सुटेल ते सुटेल, उरलेलं तसंच ठेवायचं. साखर-मधाचा स्क्रब वगैरे तर अजिबात नको. फाटलेल्या कापडाला कुणी दगडावर घासतं का?

तेव्हा घरी गेल्यावर चारही डब्या एका ताटलीत ठेव. पुदिन्याच्या, स्वादाच्या, रंगाच्या सगळ्या बाजूला काढ. त्यांच्या जागी एकच आण, बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली. ती काही आजची गोष्ट नव्हे. रॉबर्ट चेसब्रो नावाचा रसायनतज्ज्ञ १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर गेला, तेव्हा तिथले कामगार पंपाच्या दांड्यांना चिकटणारा काळपट मेणचट थर भाजल्या-कापल्यावर चोळताना त्याला दिसले. तो थर त्यानं शुद्ध केला आणि १८७२ साली व्हॅसलिन नावानं पेटंट घेतलं. जेली ओठात पाणी घालत नाही, आतलं पाणी उडू देत नाही. म्हणून ओठ किंचित ओले असतानाच लावायची. तिला वास नाही, चव नाही, गारवा नाही. लावल्यावर काही झाल्यासारखंच वाटणार नाही. तुला आता नेमकं तेच हवंय.

तुझ्या आजीच्या फडताळात भिरंडेल असेल तर तेही चालेल. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल गार झालं की घट्ट होतं, त्याचे हातानं वळलेले पांढरट गोळे. टाचांना आणि ओठांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच लावत आले. घरी कुणी करत नसेल तर पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या, दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमं, विकणाऱ्या बायकांकडे विचारून बघ. गोळ्यावर बोट जरा घासलं की अंगाच्या उबेनं पातळ थर सुटतो. मात्र स्वच्छ, वास न मारणारा गोळा घे, खवट झालेला नको. खोबरेल ओठांवर फार टिकत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. बेंबीत तूप घालून ओठ बरे होतात म्हणतात. बेंबीतून ओठांकडे जाणारी वाट शरीरात नाही. आजीचं मन राखायला घालायचं तर घाल, पण थोडं ओठांनाही लाव.

आता किती वेळा. "कमी लाव" असं मी सांगणार नाही, कारण कमी म्हणजे किती हे तुझा हात ठरवील. वेळा बांधून घे. सकाळी दात घासल्यावर, ऑफिसला पोचल्यावर, जेवणानंतर, संध्याकाळी निघताना, घरी तोंड धुतल्यावर आणि झोपताना. सहा झाले. झोपतानाचा थर जाड, बाकीचे पातळ. ओठ खेचले म्हणून लावायचं नाही, वेळ झाली म्हणून लावायचं. एकवीस वेळा उपाशी राहण्यापेक्षा सहा वेळा पोटभर जेवणं सोपं आहे.

पहिले चार-पाच दिवस जड जातील. गारवा नसल्यामुळे ओठ आहेत त्यापेक्षा जास्त कोरडे वाटतील. तिसऱ्या दिवशी तुला वाटेल की काकीनं फसवलं. ओठांची कातडी लवकर नवी होते, दोन-तीन आठवड्यांत फरक आरशात दिसायला हवा. तेवढं थांब.

हाताची खोड मोडायचं एक जुनं, साधं तंत्र आहे. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नखं खाणं, केस उपटणं अशा सवयींसाठी ते १९७३ साली मांडलं. त्याचं सार असं, की आधी हात कधी उठतो ते टिपायचं आणि मग त्याच क्षणी त्या हाताला दुसरं, एकाच वेळी करता न येणारं काम द्यायचं, मिनिटभर तरी. तू दोन दिवस फक्त टिप. फोन ठेवल्यावर? साहेबांनी हाक मारल्यावर? सिग्नलला? काउंटरवरच्या अनुभवावरून सांगते, बऱ्याच मुलींचा हात ओठ कोरडे होण्याआधी जीव कावराबावरा झाल्यावर उठतो. तो क्षण सापडला की उजव्या हातात रुमाल घट्ट धर, नाहीतर पाण्याची बाटली उचल आणि एक घोट घे. ओठ मिटून घे. हाताची ओढ मिनिट-दोन मिनिटांत उतरते. उतरली नाही आणि लावलंसच, तर लावलंस. पुढच्या वेळेला पुन्हा रुमाल.

जागा एकेक करून रिकाम्या कर. सगळ्यात आधी डिकी. तिथल्या उन्हात बाम वितळतोच, ठेवण्यात अर्थ नाही. मग ऑफिसचा खण. पर्समधली जेलीची लहान डबी राहू दे. उशाखालची सगळ्यात शेवटी काढ, कारण तिथं भीती झोपलेली असते. तिची घाई करू नकोस. आधी उशाखालून टेबलावर, मग टेबलावरून खोलीबाहेरच्या कपाटात. रात्री जाग येऊन ओठ सुकलेले असतील तर नाक चोंदतं का, तोंड उघडं टाकून झोपतेस का, हे आईला बघायला सांग. तसं असेल तर इलाज नाकाचा करावा लागेल, जगातल्या सगळ्या डब्या आणल्यास तरी ओठ सुकणारच.

किती दिवस लागतील? २१ दिवसांत सवय बदलते असं सगळीकडे ऐकायला येतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ लोकांवर केलेलं, २०१० साली छापून आलेलं काम वेगळं सांगतं. नवी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशोब २५४ वर गेला. लग्नाला तुझ्याकडे सात आठवडे आहेत. तोवर ओठ बरे व्हायला हरकत नाही. हात कदाचित अजून चाळवत असेल, तर चाळवू दे.

आईशी मात्र बोल. ती काही बोलली नाही आणि तूही बोलली नाहीस, त्यात चवथ होऊन गेली. तिला वाटत असेल पोरीला आरतीपेक्षा नटणं मोठं. तिला ओठ दाखव, चिरा दाखव, सांग की दुखत होतं. आणि रात्रीची डबी तिच्या हवाली कर, झोपताना तिच्याकडून मागून घे. आईकडे एकदा मागावं लागलं की दुसऱ्यांदा उगाच मागवत नाही.

तीन आठवडे हे सगळं नीट करूनही ओठ लाल, सुजलेले, खाजरे राहिले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात हा विभाग आहे. मग ॲलर्जी शोधावी लागते. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवतात आणि काढल्यावर, मग पुन्हा दोनेक दिवसांनी, कुठं लाल झालं ते बघतात. "नैसर्गिक" लिहिलेल्या बामनाही यातून सूट नाही. मधमाश्यांचं प्रोपोलिस, मेंढीच्या लोकरीचं लॅनोलिन यांचीही काहींना ॲलर्जी असते. टूथपेस्टमधला पुदिना, दालचिनी किंवा फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेटही ओठ बिघडवतं, म्हणून महिनाभर बिनफेसाची, सौम्य स्वादाची पेस्ट वापरून बघ. आणि आपल्याकडचं एक खास कारण, जे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. आंब्याच्या चिकात आणि सालीत काजूच्या टरफलातल्या आणि बिब्याच्या तेलाशी नातं असलेली द्रव्यं असतात. मानकुराद आंबा सालीसकट तोंडाला लावून चोखला की काहींच्या ओठांभोवती एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं, फोड येतात. तुझं एप्रिल-मेमध्ये वाढत असेल तर आंबा सोलून, फोडी करून, काट्यानं खा. ओठांचे कोपरेच फाटत असतील तर ते दुखणं निराळं, त्यात बुरशी असू शकते, लोह किंवा बी जीवनसत्त्वं कमी असू शकतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर ती जवळपास प्रत्येकाचे ओठ सुकवते. गोळी मनानं बंद करू नकोस, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांग.

स्कूटरवर दिवसा खालच्या ओठावर सरळ ऊन पडतं. ओठ भरून आले की दिवसासाठी उन्हापासून राखणारा एसपीएफ ३० चा, बिनवासाचा बाम घेता येईल, तोही ठरल्या वेळीच. किनाऱ्यावर, उन्हात राबणाऱ्या लोकांच्या खालच्या ओठावर वर्षानुवर्षांनी पांढरट खरखरीत डाग पडतात आणि ते काही वेळा कर्करोगाकडे जातात. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. घरात कुणी उन्हात काम करणारं असेल, त्याच्या ओठावर तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्याला घेऊन जा.

राहिली लिपस्टिक. लाव की! पण लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा नवी काढू नकोस. आठवडाभर आधी थोडी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस बघ, मग एकदा ओठांवर. दिवसभर टिकणारी कोरडी मॅट नको, मऊ क्रीमसारखी घे. लावायच्या आधी दहा मिनिटं जेली लावून ठेव, मग कागदी रुमालानं टिप आणि वर रंग चढव. रात्री पाहुणे गेल्यावर घासून काढू नकोस, जेलीनंच पुसून काढ. आणि त्या दिवशी पर्समध्ये जेलीची डबी ठेवायला हरकत नाही. जेवणानंतर रंग गेलेला असेलच, तेव्हा लावायची वेळ तुझी ठरलेली आहे.

तुझी काकी